तिसाचा आकडा

मामेबहिणीच्या मुलाचं बारसं होतं. घुगऱ्यांची वाटी घेऊन मी पडवीत उभा होतो, तेवढ्यात मामीनं माझं मनगट धरलं, उजेडाकडे वळवलं आणि घड्याळाच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाली, "हे पार धुऊन गेलं रे. नवी रिंग बसवून घे की." आतून कुणीतरी हाक मारली म्हणून ती लगेच गेलीही. तिच्या लेखी विषय तेवढाच होता. माझ्या मनातून मात्र तो पुढे कितीतरी दिवस गेला नाही, कारण त्या रिंगेच्या धुऊन जाण्यातच माझा जीव होता. घड्याळ मामाचं. तो गेल्यानंतर मामीनंच ते माझ्या हातात ठेवलं होतं आणि मी ते जसंच्या तसं जपत होतो. सर्व्हिसिंगला टाकताना दर वेळी बजावून सांगायचो, पॉलिश करू नका, रिंगेला हात लावू नका. ज्या खुणा मी मामाच्या म्हणून सांभाळत होतो, त्यांच्याबद्दल त्याच्याबरोबर सगळा संसार केलेल्या बाईला काहीच वाटू नये, हे मला उमगेना.

घड्याळ सिकोचं आहे, ६३०९ मालिकेतलं. केस, म्हणजे घड्याळाचं पोलादी कवच, गोलसर चौकोनी, गुबगुबीत, चावी तीनऐवजी चारच्या आकड्यापाशी, आणि मनगटावर घातलं की हात जड झाल्याचं जाणवतं असं वजन. डायलवर १५० मीटर खोल पाण्यात टिकण्याची ग्वाही छापलेली. ही घड्याळं १९७६ पासून १९८८ पर्यंत बनत होती. मागच्या झाकणावर एक उसळती लाट कोरलेली असते आणि कडेला सहा आकडी नंबर. त्यातला पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना. मामाच्या घड्याळाचा नंबर १ आणि २ नं सुरू होतो. ६३०९ च्या सगळ्या कारकिर्दीत एकानं संपणारं वर्ष एकच, त्यामुळे शंकेला जागा नाही: हे फेब्रुवारी १९८१ मध्ये तयार झालं. मामा जहाजावर नोकरीला, त्यानं ते त्याच वर्षी दुबईत घेतलं. याला हातानं चावी देता येत नाही. दोनचार वेळा हलवलं की आतला लंबक फिरतो आणि सेकंदकाटा निघतो. वाराच्या खिडकीत इंग्रजी आणि अरबी अशा दोन्ही भाषा आहेत. मे महिन्यात आम्ही आजोळी गेलो आणि मामा सुट्टीवर असला, की तो चावी फिरवून वार अरबीत करून दाखवायचा. त्या वळणदार अक्षरांकडे बघताना मला वाटायचं, मामा जिथून आलाय तिथे शुक्रवारसुद्धा वेगळा असतो.

पण मी सांगत होतो रिंगेबद्दल. काचेभोवती फिरतं ते पोलादी बेझल, दातेरी कडेचं. त्याच्या खाचेत अॅल्युमिनियमचं एक पातळ काळं कडं बसवलेलं असतं, तीच ही रिंग. त्यावर १०, २०, ३०, ४०, ५० असे मिनिटांचे आकडे आणि साठाच्या जागी एक त्रिकोण, त्रिकोणात अंधारात चमकणारा ठिपका. पाणबुड्यानं पाण्यात उतरताना बेझल फिरवून त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग काटा रिंगेवरच्या ज्या आकड्यासमोर असेल तितकी मिनिटं तो खाली आहे. वजाबाकी करायची नाही, काही लक्षात ठेवायचं नाही. पाठीवरच्या नळकांड्यात हवा मोजकी असते आणि खोल पाण्यात डोकं नीट चालत नाही, म्हणून हिशेब मनगटावर. १९५३ मध्ये फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांना अशी घड्याळं हवी होती तेव्हा त्यांची मागणी साधीच होती: काळी डायल, ठळक खुणा, फिरतं बेझल. ब्लांपां कंपनीनं ते बनवलं. रोलेक्सचं सबमरीनर त्याच काळातलं. सिकोनं पाणबुड्यांसाठीचं पहिलं घड्याळ १९६५ मध्ये काढलं. पुढे बहुतेक कंपन्यांनी बेझल एकाच दिशेला फिरेल अशी सोय केली. धक्का लागून ते सरकलंच तर गेलेला वेळ जास्त दिसेल, कमी दिसणार नाही, आणि माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. मामाचं घड्याळ त्याआधीच्या वळणाचं, दोन्हीकडे फिरणारं. फिरवताना आत एक बारीक पोलादी गोळी स्प्रिंगवर दबते आणि सुटते. पूर्ण फेरीत साठ टकटक, मिनिटाला एक.

मामाच्या घड्याळातलं कडं काळं राहिलं नव्हतं. मी ते पहिल्यांदा स्वतःच्या मनगटावर घातलं तेव्हा ते पावसाळी आभाळाच्या रंगाचं झालेलं होतं, कुठे राखाडी, कुठे निळसर. त्रिकोणातला ठिपका पडून गेलेला, त्या जागी नुसतं भोक. चाळीसच्या वर एक लांब चरा, त्यातून उघडं अॅल्युमिनियम लकाकायचं. आणि तिसातला तीन जवळजवळ गेलेला. माहीत असेल तरच दिसायचा. हा जो रंग उडतो तो मुळात वरून लावलेला नसतो, हे मला नंतर कळलं. पत्रा गंधकाम्लाच्या पातळ द्रावणात बुडवून त्यातून वीज सोडतात. पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो, त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. ती छिद्रं रंग पितात, मग कडं उकळत्या पाण्यात धरलं की त्यांची तोंडं मिटतात. म्हणून हा रंग नखानं खरवडून निघत नाही. पण ऊन त्याला सोडत नाही, आणि जिथे चरा पडला तिथून खारं पाणी आत शिरून थरच उचकटतं. म्हणजे ते कडं उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं फिकं केलेलं. त्यातल्या कितीतरी उन्हांच्या वेळी मामाचा हात डेकवर दोर ओढत असणार. मला हे फार मोलाचं वाटायचं. आजही वाटतं.

असं वाटणारा मी एकटा नाही. जुन्या घड्याळांच्या शौकिनांत अशा उडालेल्या रिंगेला 'घोस्ट' म्हणतात आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. जुन्या सबमरीनरची किंवा जीएमटी-मास्टरची नुसती फिकी रिंग, घड्याळाशिवाय, एवढ्या किमतीला विकली जाते की त्यात चांगलं नवं घड्याळ यावं. काही जण नवी काळी रिंग आणून ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवतात आणि तासाभरात वीस वर्षांचं ऊन चढवतात. त्याचा मला मनापासून राग येतो. जीएमटी-मास्टरची तर गोष्टच वेगळी. रोलेक्सनं ते १९५०च्या दशकात पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी काढलं तेव्हा त्याची रिंग बेकेलाइटची होती आणि आकड्यांत रेडियम भरलेलं. बेकेलाइट ठिसूळ, त्याला तडे जायचे. कंपनीनं थोड्याच वर्षांत अॅल्युमिनियमच्या रिंगा आणल्या. वैमानिकांनी तडकलेल्या रिंगा खुशाल बदलून घेतल्या, कारण त्यांना त्या वाचायच्या होत्या. आज मूळ बेकेलाइटची रिंग शाबूत असलेलं घड्याळ शोधायला लोक जग पालथं घालतात. २००५ मध्ये त्याच कंपनीनं सिरॅमिकची रिंग आणली, जिचा रंग उन्हानं उडत नाही आणि जिच्यावर सहसा चरा पडत नाही. ती घड्याळं चाळीस वर्षांनी कशी दिसतील? आज दिसतात तशीच. त्यांच्याकडे बघून ती कुणाच्या हातावर होती, कुठल्या समुद्रावर होती, हे काहीच कळणार नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ज्याला खरंच पाण्यात उतरायचंय त्याच्या दृष्टीनं तेच उत्तम आहे हेही दिसतं.

मामीला मी शेवटी फोन केला.

इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आंब्याचा मोहर, नव्या बाळाची झोप. मग मी विचारलं, तू रिंग बदल म्हणालीस ते सहज, की तुला ती तशी बघवत नाही? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, मला त्यातला तीस दिसायचाच नाही. रोज अंदाजानं ताट वाढायची मी." मला काही कळलं नाही. तिनं सांगितलं ते असं.

मामाला निवृत्तीनंतर काही वर्षांनी इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलेलं, सुई घेतल्यावर अर्ध्या तासानं जेवायचं, आधी नाही आणि उशीर तर मुळीच नाही. मामा ओसरीवर बसून पोटावर सुई घ्यायचा, सुई डब्यात ठेवायचा आणि बेझल फिरवून त्रिकोण मिनिटकाट्यावर आणायचा. ती टकटक आत स्वयंपाकघरात ऐकू यायची आणि मामी तव्यावर भाकरी टाकायची. तीसवर काटा आला की तो हाक मारायचा आणि ताट समोर असायचं. भिंतीवर घड्याळ होतं, रेडिओ होता, पण त्याचा विश्वास या रिंगेवर. जहाजावरची सवय. पुढे साखरेनं त्याची नजर गेली. पूर्ण नाही, पण बारीक काही दिसेना. तरी सुईनंतर तो बोटांनी चाचपून बेझल फिरवायचा आणि मनगट मामीपुढे करायचा. "बघ गो, तीस झाले काय." मामी चष्मा पुसून बघायची. राखाडीवर राखाडी. वीस दिसायचा, चाळीस दिसायचा, मधला तीस नाही. वीस आणि चाळीसच्या मध्ये काटा आला की ती "झाले" म्हणायची. आणि मनात धाकधूक, कारण एकदा उशीर होऊन त्याला दरदरून घाम फुटला होता, हात कापत होते, आणि तिनं साखरेचं पाणी पाजलं होतं. "त्यांनी चिपळूणला विचारलं होतं रिंगेचं," मामी म्हणाली, "या मॉडेलची येत नाही म्हणाले. मग राहिलं ते."

मी ते मनगट कितीदा पाहिलं होतं. ओसरीवर मामाशेजारी बसलोही होतो. मला त्या कड्यात समुद्र दिसायचा आणि त्याच कड्यात मामी डोळे बारीक करून एक आकडा शोधत होती.

मग दुसरी एक गोष्ट मला आठवली, आणि ती आठवायला मला इतका वेळ का लागला कोण जाणे. मामा डेकवरचा माणूस. खलाशी म्हणून लागला, सुकाणी झाला, शेवटची वर्षं सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम होता. जहाजावर डेकच्या माणसांचं रोजचं काम काय, तर गंज. सकाळी हातात टोकदार हातोडी घ्यायची आणि गंजलेला पत्रा ठोकत बसायचं, खपल्या उडवायच्या, तारेच्या ब्रशनं घासायचं, मग रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की वरचा रंग. पुढच्या टोकापासून सुरुवात करून मागच्या टोकाला पोचेपर्यंत पुढे पुन्हा गंज धरलेला असतो. समुद्रात हे काम कधी संपत नाही. मामा सांगायचा, पत्र्यावर हातोडी पडण्याचा आवाज झोपेतही कानात वाजायचा. घरी आला तरी हात स्वस्थ नसायचे. गणपतीच्या आधी खिडक्यांचे गज, विहिरीचा रहाट, फाटकाची कडी, सगळं खरवडून रंगवलं जायचं. रहाटाला गंज दिसला की तो म्हणायचा, "लोखंड गंजत नाही, माणूस आळस करतो." असा माणूस स्वतःच्या घड्याळाची उडालेली रिंग खूण म्हणून कौतुकानं जपेल, ही कल्पना माझी होती. त्याला ती बदलायची होती. मिळाली नाही, एवढंच. ज्याला मी त्याची सही समजत होतो, ती त्याच्या लेखी एक अर्धवट राहिलेलं काम होतं.

आणि मामीच्या मनातलं घड्याळ तर मी कधी बघितलंच नव्हतं. १९८१ मध्ये मामा ते घेऊन घरी आला तेव्हा ती नव्यानं लग्न होऊन आलेली. आमच्याकडे तोवर एचएमटीची घड्याळं, तीही घरात एखादंच. आजोबांचं 'जनता' मॉडेल, पांढऱ्या डायलचं, पातळसं. आणि हे काळं, जाड, परदेशातून आलेलं. मामी म्हणाली, "इतकं काळं होतं ते, आरशासारखं. रात्री दिवा घालवला की हातावर हिरवं चमकायचं. सगळ्या पोरी बघायला आलेल्या." तिच्या आठवणीतलं घड्याळ ते. माझ्या आठवणीतलं त्याच्या पुढचं. तिचं माझ्यापेक्षा जुनं होतं, आणि मी मात्र मूळ तेच राहू द्या म्हणून भांडत होतो.

पुण्यात बुधवार पेठेत एका जुन्या माडीवर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत काढलेली. तिथे जुन्या घड्याळांच्या डायली पुन्हा रंगवून देणाऱ्या कारागिरांची एक अख्खी परंपरा आहे. फिकी डायल खरवडायची, नवा रंग, वर कंपनीचं नाव छापायचं, की घड्याळ कोरं. बाहेरचे शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. नाव चुकीचं छापून, नसलेले रंग देऊन जुनं म्हणून विकणं ही फसवणूकच, त्यात वाद नाही. पण ती कला फसवण्यासाठी जन्मली नव्हती. नवं घड्याळ परवडत नव्हतं, परदेशी माल सहज मिळत नव्हता, आणि लग्नात मिळालेल्या घड्याळाची डायल डागाळली तर माणूस ते टाकून देत नव्हता. तो म्हणायचा, कोरं करून द्या. मुलाच्या मुंजीत, मुलीच्या लग्नात ते पुन्हा हातावर यायचं. मामी त्याच घरातली. मीही त्याच घरातला, पण मध्ये कुठेतरी जुन्या वस्तूंच्या बाजाराचे डोळे मला लागले.

त्यांच्यासमोर मी घड्याळ ठेवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बेझल बोटानं हलवून पाहिलं आणि म्हणाले, "काढताना जुनी वाकेल बरं का. पातळ पत्रा आहे, इतक्या वर्षांत चिकटून बसलाय. एकदा वाकली की परत सरळ होत नाही. विचार करा." परतीची वाट नसलेलं काम करण्याआधी कुणी असं थांबून विचारावं, याचं मला बरं वाटलं. मी म्हणालो, काढा.

केसच्या कडेला त्यांनी चिकटपट्टी लावली, म्हणजे पातं घसरलं तरी पोलादाला ओरखडा नको. मग घड्याळ एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि हात आत घालून काम करू लागले. बेझल सुटलं की खालची गोळी स्प्रिंगसकट उडते, आणि ती फरशीवर गेली तर सापडत नाही. साबुदाण्याच्या दाण्याहून लहान. बोथट पातं फटीत सरकवून त्यांनी मनगटाला हलकासा पीळ दिला. एक सुस्कारल्यासारखा आवाज झाला आणि बेझल उचललं गेलं. गोळी पिशवीच्या कोपऱ्यात. खाली, रबरी वायसरभोवती, तपकिरी काळ्या लगद्याचा थर. धूळ, घाम, तेल, मीठ. त्याला जुन्या नाण्यांसारखा वास येत होता. दात घासायच्या मऊ ब्रशनं, साबणाच्या कोमट पाण्यानं त्यांनी तो धुऊन काढला आणि पाणी बेसिनमध्ये ओतलं. त्या पाण्याकडे बघताना माझ्या पोटात कालवलं, रिंग निघताना कालवलं नाही तेवढं. मामाच्या अंगचं काही त्या घड्याळात खरंच उरलं असेल तर ते तिथे होतं.

रिंग त्यांनी बेझलच्या मागच्या बाजूनं लाकडी काडीनं थोडी थोडी ढकलत काढली. चाळीसपाशी, जुन्या चऱ्याजवळ, ती वाकली. त्यांनी मान हलवली, कागदात गुंडाळून ती माझ्याकडे दिली आणि नव्यांचा डबा उघडला.

खरी मेहनत इथून पुढे होती. कंपनीची मूळ रिंग आता मिळत नाही. मिळतात त्या नकला, पातळ प्लास्टिकच्या पाकिटांतल्या, सगळ्या ६३०९ च्या म्हणून विकलेल्या आणि सगळ्या वेगवेगळ्या. एकीचे आकडे जाड, एकीचा त्रिकोण फुगलेला. एकीवर असली चकाकी की खिडकी तिच्यात दिसावी. एकीच्या तिसातला तीन वरून सपाट, मूळचा गोल. आम्ही दोघं भिंगाखाली वाकलेली जुनी रिंग आणि एकेक नवी शेजारी ठेवून बघत बसलो. जुनीवर तीन नावालाच उरला होता, तरी तिरप्या उजेडात त्याची वळणं दिसली: वरचं पोट लहान, खालचं मोठं, टोकं आखूड. त्याला सगळ्यात जवळची होती ती निवडली. तिचा काळा रंग खोल, पण चकाकी कमी. मामी आरशासारखं म्हणाली होती, तेवढं नाही. मूळ कडंही आरशासारखं नसणार. नव्या नवरीच्या आठवणीत ते तसं झालं असेल.

मग बसवणं. रिंग बेझलमध्ये थोडी जरी तिरकी बसली, तर त्रिकोण बाराच्या खुणेसमोर येत नाही, अर्धं मिनिट इकडे किंवा तिकडे राहतो, आणि एकदा लक्षात आलं की डोळ्यांना ते खुपत राहतं. साठ टकटकींतली एक म्हणजे सहा अंश. चूक तीन अंशांची असली तरी दिसते. म्हणून त्यांनी आधी वायसरला ग्रीस लावून, गोळी आणि स्प्रिंग जागेवर ठेवून रिकामं बेझल केसवर दाबून बसवलं, एका टकटकीवर स्थिर केलं आणि मगच त्यात रिंग ठेवली. सावकाश वाळणाऱ्या गोंदाचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, म्हणजे सरकवायला वेळ मिळतो. दोन्ही अंगठ्यांनी रिंग केसाएवढी डावीकडे, केसाएवढी उजवीकडे. श्वास रोखून. भिंग काढून लांबून बघायचं, पुन्हा भिंग. खाली रस्त्यावर भाजीवाल्यांचा कालवा चाललेला आणि त्या माडीवर दोन माणसं एका त्रिकोणाचं टोक एका रेघेवर आणण्यात गुंतलेली. "आलं," ते म्हणाले. मी पाहिलं. आलं होतं.

घरी येताना बसमध्ये मी मनगटाकडे बघत होतो आणि ते घड्याळ मला ओळखीचं वाटत नव्हतं. काळ्या कड्यामुळे डायल लहान दिसायला लागली, काटे पिवळट वाटायला लागले. रात्री दिवा घालवला तर त्रिकोणातला नवा ठिपका हिरवा टपटपीत चमकत होता, आणि काटे, डायलवरच्या खुणा सगळं अंधारात. त्यांच्यातलं चमकणं केव्हाच संपलंय. म्हणजे सुरुवात कुठून झाली ते दिसतं, किती वाजले ते दिसत नाही. त्या गृहस्थांनी काट्यांत नवा चमकता रंग भरून देतो म्हणून विचारलं होतं. मी नको म्हणालो. दिवसा ते काटे स्वच्छ दिसतात, आणि रात्री वेळ बघायची मामाला कधी गरज पडली असेल तर ती जहाजावर. मला पडत नाही. राखाडी कडं मात्र आठवतं. सकाळच्या उन्हात त्यावर जो निळसर रंग यायचा तो आता येत नाही, आणि तो परत आणायचा म्हणजे वीस-तीस वर्षं हातावर घालून हिंडावं लागेल. ब्लीचिंग पावडर मी आणणार नाही.

गणपतीत गावी गेलो तेव्हा मामीनं चष्मा न लावताच हात लांब धरून पाहिलं. "दिसतंय," म्हणाली. मग बेझल फिरवून त्रिकोण मिनिटकाट्यावर आणला, अगदी मामा आणायचा तसा, अंगठा आणि मधल्या बोटानं, आणि मोदकांचं पातेलं चुलीवर चढवलं. मी ओसरीवर बसलो होतो. थोड्या वेळानं आतून विचारणा झाली, "किती झाली रे?" मी वाचून सांगितलं.

मामेबहीण म्हणते, आता काचही बदलून टाक, चारपाशी केवढा ओरखडा आहे. मी तिला हात पुढे करून दाखवला. ओरखडा आहे, पण तो चावीच्या बाजूला, आकड्यांपासून दूर. त्याच्याखालची प्रत्येक रेघ वाचता येते. काच तूर्त राहू दे म्हटलं. रबरी वायसर मात्र पावसाळ्याआधी नवा टाकून घेणार आहे.